अमेरिकेत अटक, चुकीची ओळख आणि इमिग्रेशन होल्ड : घरी आधीच करून ठेवायची तयारी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही तयारी घरात सगळं सुरळीत चाललेलं असतानाच करावी. व्हिसावर असा, ग्रीन कार्डवर असा की अमेरिकेचे नागरिक असा, ती सगळ्यांसाठी आहे. "आम्ही सिटिझन आहोत, आम्हाला काय होणार" हा समज मात्र आधी सोडून द्यावा. २००८ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये अर्नेस्टो गॅलार्झा यांना अटक झाली. ते न्यू जर्सीत जन्मलेले अमेरिकी नागरिक. पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्स होतं, सोशल सिक्युरिटी कार्ड होतं. जामीनही भरला गेला. तरी इमिग्रेशन खात्याच्या होल्डमुळे, म्हणजे सुटकेनंतरही अडवून ठेवा या विनंतीमुळे, ते जवळपास तीन दिवस जेलमध्येच राहिले. मूळ खटल्यात पुढे ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं.

हे कसं घडतं ते समजलं की तयारी कशासाठी करायची तेही कळतं. अटकेनंतर काउंटी जेलमध्ये बुकिंग होतं. नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान लिहून घेतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. हे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे. ही साखळी २००८ पासून उभी राहिली. इमिग्रेशन अधिकाऱ्यांना, म्हणजे 'आइस'ला, ही व्यक्ती देशाबाहेर काढण्याजोगी आहे असं वाटलं तर ते जेलला डिटेनर, म्हणजेच हा होल्ड, पाठवतात. हा आय-२४७ए नावाचा फॉर्म असतो. सुटकेच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत या माणसाला ठेवा, अशी विनंती त्यात असते. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. मुळात तपासले जाणारे डेटाबेसच अपुरे असतात. आईवडिलांमुळे आपोआप नागरिक झालेल्या मुलाची नोंद तिथे जुन्या ग्रीन कार्डाचीच असू शकते. गेरार्डो गोन्झालेझ हे कॅलिफोर्नियात जन्मलेले नागरिक, पण त्यांच्या बुकिंगच्या कागदावर जन्मस्थान मेक्सिको पडलं आणि पुढची सगळी चक्रं त्या एका रकान्यावर फिरली. चूक पहिल्या काही तासांत होते. ती सुधारायची तर बाहेरच्या माणसाच्या हातात कागद तयार हवेत. म्हणून ही सगळी खटपट.

सुरुवात नावापासून करा, आणि यावर एक संध्याकाळ खर्च करा. आपली नावं अमेरिकी रकान्यांत नीट मावत नाहीत. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र येतं, लायसन्सवर वडिलांचं नाव मिडल नेम होतं आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर कधी ते दिसतही नाही. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईंची डिग्री माहेरच्या नावानं आणि पासपोर्ट सासरच्या नावानं असतो. काहींनी पहिलं नावही बदललेलं असतं. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांच्या व्हिसावर 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापलेलं असतं, आणि मग एखाद्या कचेरीत तेच त्यांचं पहिलं नाव होऊन बसतं. त्यातून पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी ही आडनावं हजारोंची. जन्मतारखेचंही तसंच. ०५/०८ आपल्याला ५ ऑगस्ट वाटते, तिथल्या कारकुनाला ८ मे.

म्हणून घरातल्या प्रत्येकासाठी एक कागद करा. प्रत्येक दस्तऐवजावर नाव जसं छापलंय तसंच, स्पेलिंगसकट लिहा. पूर्वीची सगळी नावं लिहा. जन्मतारखेत महिना अक्षरांत लिहा. जन्माचं गाव, राज्य आणि देश, पासपोर्ट क्रमांक, ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा क्रमांक), आय-९४ या प्रवेश-नोंदीचा क्रमांक, विद्यार्थी असेल तर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) क्रमांकही त्यात हवा. वडिलांचं आणि आईचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका. दाविनो वॉटसन यांची केस वाचल्यापासून मी ही ओळ प्रत्येकाच्या कागदावर आग्रहानं लिहायला लावते. मूळचे जमैकाचे वॉटसन वडिलांच्या नागरिकत्वामुळे अमेरिकी नागरिक झाले होते. त्यांच्या वडिलांचं नाव होपटन युलांडो वॉटसन. अधिकाऱ्यांनी फाइल उघडली ती होपटन लिव्हिंग्स्टन वॉटसन या भलत्याच माणसाची. तो दुसऱ्या राज्यात राहत होता आणि त्याला दाविनो नावाचा मुलगाच नव्हता. खऱ्या वडिलांचा फोन नंबर दिलेला असूनही दाविनो जवळजवळ साडेतीन वर्षं कोठडीत राहिले.

ज्यांची मुलं लहानपणी भारतातून आली आणि ज्यांनी स्वतः नंतर नागरिकत्व घेतलं, त्यांनी पुढची गोष्ट याच आठवड्यात करावी. फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानं, ग्रीन कार्डधारक मूल १८ वर्षांच्या आत असताना नागरिक पालकाच्या ताब्यात अमेरिकेत राहत असेल तर ते आपोआप नागरिक होतं. पण त्याचा कुठलाही कागद पोस्टानं घरी येत नाही. मूल कायद्यानं नागरिक आणि डेटाबेसमध्ये परदेशी, अशी स्थिती वर्षानुवर्षं राहते. त्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट काढा, जमलं तर एन-६०० हा अर्ज भरून नागरिकत्वाचं प्रमाणपत्रही घ्या. कॉलेजला गेलेला मुलगा एखाद्या पार्टीत पोलिसांच्या हाती लागला, तर त्या रात्री हा पासपोर्ट दाखवता यायला हवा.

पाकिटात काय ठेवायचं ते थोडक्यात सांगते. नागरिक नसलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीनं ग्रीन कार्ड किंवा लागू असलेला नोंदणीचा कागद, उदाहरणार्थ आय-९४, जवळ बाळगावा असा कायदाच आहे. नागरिकांनी पासपोर्ट कार्ड काढून घ्यावं. ते लायसन्सच्या आकाराचं असतं आणि नागरिकत्वाचा पुरावा म्हणून चालतं. साधं लायसन्स तसं चालत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड घरीच ठेवा. त्यावर 'सिटिझन ऑफ इंडिया' हे शब्द आहेत आणि बुकिंग काउंटरवरच्या माणसाला ओसीआय म्हणजे काय हे माहीत असेल अशी अपेक्षा धरू नका.

सगळ्या कागदांच्या प्रती घरी एका फाइलमध्ये आणि दुसरा संच घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा. नवराबायको दोघेही अडकू शकतात, आणि घरगुती भांडणाच्या केसमध्ये तर एकाला दुसऱ्याशी संपर्क करायलाच कोर्टाची बंदी येऊ शकते. शेजाऱ्यानं ९११ ला फोन केला आणि मारहाणीचा सबळ संशय दिसला की अनेक राज्यांत पोलिसांना अटक करण्यावाचून पर्याय राहत नाही. त्यामुळे दुसरा संच भावाकडे, मैत्रिणीकडे, मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे हवा. मुलांना शाळेतून आणायला कोण जाईल याचं पत्रही त्यातच ठेवा. दोन फोन नंबर पाठ करा. मोबाइल काढून घेतात आणि नंबर त्यातच राहतात.

बुकिंगच्या वेळी स्वतःचं नाव आणि जन्मतारीख खरी आणि सावकाश, अक्षर अक्षर सांगून द्या. काय टाइप झालंय ते वाचून दाखवा म्हणावं आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगावी. कोणाला आणि किती वाजता सांगितलं ते लक्षात ठेवावं. नागरिक नसाल तर देश आणि इमिग्रेशन स्टेटसबद्दलच्या प्रश्नांवर "वकिलाशी बोलल्यावर उत्तर देईन" एवढंच नम्रपणे म्हणा. नागरिक असाल तर उलट करा. नागरिक आहे असं स्पष्ट, पुन्हा पुन्हा आणि जेलच्या लेखी विनंतीच्या फॉर्मवरसुद्धा सांगा. पण नसताना "मी सिटिझन आहे" असं कुणीही, घाबरूनसुद्धा, म्हणू नये. १९९६ च्या कायद्यानं या एका वाक्याची शिक्षा जवळजवळ कायमची आहे, पुढे ग्रीन कार्डाचा रस्ताच त्यामुळे बंद होऊ शकतो. न समजलेल्या कागदावर सही नको, खास करून स्वतःहून देश सोडण्याच्या. दुभाषा मागताना "मराठी" असं नेमकं सांगा. "इंडियन" म्हटलं तर हिंदीचा दुभाषा येईल आणि गावाहून आलेल्या आजींची त्यात फरफट होईल.

दुसऱ्याच कुणाचं वॉरंट तुमच्या नावावर निघालं असेल तर नावावरून वाद घालत बसू नका. ठसे, फोटो, उंची आणि जन्मखुणा जुळवून पाहा अशी मागणी लेखी करा. लिनी मॅकॉलन या माणसाच्या नावाचं बनावट लायसन्स त्याच्या भावानं वापरलं होतं. १९७२ च्या डिसेंबर अखेरीस टेक्सासच्या जेलमध्ये भावाऐवजी लिनीलाच ठेवलं आणि फाइलमधल्या फोटोशी चेहरा पडताळला तो थेट २ जानेवारीला. अशा थोड्या दिवसांच्या चुकीनं घटनात्मक हक्क मोडत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७९ मध्ये म्हटलं. म्हणून पडताळणीचा आग्रह आपल्यालाच धरावा लागतो.

जेलचे फोन रेकॉर्ड होतात. त्यावर घटना, व्हिसा, जन्मस्थान यातलं काहीही बोलू नका. "मी इथे आहे, वकील बघा" इतकंच.

बाहेरच्या माणसानं पहिल्यांदा बुकिंग नंबर घ्यावा आणि लगेच विचारावं की डिटेनर आहे का. असेल तर आय-२४७ए ची प्रत मागावी. २०१७ पासून त्याच्यासोबत आय-२०० (अटकेचं) किंवा आय-२०५ (देशाबाहेर काढण्याचं) वॉरंट जोडतात. त्यावरची सहीसुद्धा इमिग्रेशन अधिकाऱ्याचीच असते. हे कळेपर्यंत जामीन भरू नये, आणि इथे मी अगदी ठाम आहे. मायेपोटी लोक रात्रीत पैसे जमवून, फी घेऊन जामीन भरणाऱ्या बाँडवाल्याकडे धावतात. त्याची साधारण दहा टक्के फी परत मिळत नाही. जामीन झाला की डिटेनरचे तास सुरू होतात, माणूस घरी येण्याऐवजी आइसच्या गाडीत बसतो आणि मग मूळ कोर्टाची तारीख चुकते. आधी वकिलाला विचारावं, मगच भरावं.

डिटेनर पाळायचा की नाही हे राज्यावर बरंच अवलंबून आहे. गॅलार्झांच्याच केसमध्ये थर्ड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टानं २०१४ मध्ये डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नव्हे, असं सांगितलं. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये नुसत्या डिटेनरवर माणसाला अडकवण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्यांना नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी टेक्सासनं जेलना डिटेनर पाळायला लावणारा कायदा केला. तुमच्या राज्यातली आणि काउंटीतली स्थिती आज विचारून त्या कागदावर एका ओळीत लिहून ठेवा.

वकील दोन प्रकारचे लागतात. फौजदारी खटल्यात ऐपत नसेल तर सरकार वकील देतं, इमिग्रेशन कोर्टात तसा हक्क नाही. गुन्हा कबूल केल्यानं देश सोडावा लागेल का, हे फौजदारी वकिलानं सांगायलाच हवं असं सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिला निकालापासून ठरलंय. तेव्हा दोघांची गाठ घालून द्या. "छोटी केस आहे, कबूल करून मोकळे व्हा" या सल्ल्यावर इमिग्रेशन वकिलाच्या होकाराशिवाय सही करू नका. दुकानातल्या सेल्फ-चेकआउटवर स्कॅन न झालेल्या वस्तूची केससुद्धा पुढच्या व्हिसाच्या वेळी समोर येते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना हे आधीच समजावून सांगा.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिएन्ना करारानुसार दूतावासाला कळवा असं सांगता येतं. अमेरिकेनं ज्या देशांना न मागता कळवायचं त्यांची यादी केली आहे, तीत भारत नाही. म्हणून मागावंच लागतं. भारतातून येऊन अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांनी मात्र आधी वकिलाशी बोलावं. आइसनं ताब्यात घेतलं तर त्यांच्या ऑनलाइन लोकेटरवर ए-नंबर आणि जन्मदेश टाकून शोधा. नावानं शोधायचं तर स्पेलिंग तंतोतंत लागतं. सापडलं नाही तर नावाची प्रत्येक फोड टाकून बघा, वडिलांच्या नावासकट आणि त्याशिवाय. माणूस एका दिवसात दुसऱ्या राज्यात हलवलेला असू शकतो. कोर्टाच्या तारखेसाठी १-८००-८९८-७१८० हा स्वयंचलित नंबर आहे.

केस रद्द झाली तरी काम राहतं. कोर्टाकडून शिक्का असलेल्या निकालाच्या चार-पाच प्रती घ्या, आणि रेकॉर्ड पुसून घेण्याच्या आधी घ्या, नंतर मिळणं अवघड होतं. २०२५ च्या वसंतात पोलिसी डेटाबेसमध्ये नाव जुळलं म्हणून हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी बंद केल्या गेल्या. त्यात केसेस रद्द झालेलेही बरेच होते. कोर्टात दावे दाखल झाल्यावर त्या नोंदी परत सुरू झाल्या. ज्यांच्याकडे कागद तयार होता त्यांना वकिलाकडे जाताना शोधाशोध करावी लागली नाही. एफबीआयकडे १८ डॉलर भरून स्वतःचं रेकॉर्ड मागवता येतं. त्यात दुसऱ्याची नोंद चिकटली असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

आणि चुकीनं डांबून ठेवल्याची भरपाई केंद्र सरकारकडे मागायची असेल तर एसएफ-९५ या दाव्याच्या फॉर्मला दोन वर्षांची मुदत आहे. वॉटसन यांना खालच्या कोर्टानं ८२,५०० डॉलर दिले होते. २०१७ मध्ये वरच्या कोर्टानं ते काढून घेतले, कारण ते वकिलाशिवाय कोठडीत बसलेले असतानाच ही मुदत उलटून गेली होती. म्हणून माणूस आत असतानाच बाहेरच्यानं तारखांची नोंद ठेवावी आणि हा प्रश्न वकिलाच्या पहिल्या भेटीतच काढावा.