गणेशोत्सवात समूहगान बसवताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत आम्ही सोळा-सतरा जण दरवर्षी समूहगान करतो. पहिल्या वर्षी महिनाभर तालीम केली, एकेक जागा घोटली, आणि मांडवात दुसऱ्याच कडव्याला पुरुष एका लयीत, बायका दुसऱ्या लयीत. हॉलमध्ये असं एकदाही झालं नव्हतं. तिथे आम्ही एकमेकांना ऐकून गात होतो. मांडवात कुणालाच कुणी ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून शेवटच्या चार तालमी आम्ही पार्किंगमध्ये, उभ्याने करतो. मांडी घालून बसलेलं गाणं उभं राहिल्यावर वेगळा श्वास मागतं, आणि हे स्टेजवर कळून उपयोग नसतो.

पहिली चूक मात्र त्याच्याही आधी होते, पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठल्या स्वरावर धरायचा ते, ठरवताना. पेटीवाल्याच्या हाताला सोपी पडते किंवा ज्याचा आवाज चांगला त्याची असते, ती पट्टी सगळ्यांच्या माथी मारली जाते. पुरुषांना साधारण काळी एक-दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली-दुसरी काळी पट्टी) सोयीची, बायकांना काळी चार-पाच. एकत्र गाताना बायका पुरुषांच्या वरच्या सप्तकात गातात. काळी एक धरली आणि गाणं तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला) गेलं, की बायकांचा आवाज ओढला जातो. काळी पाच धरली तर त्याच गाण्यातला मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) पुरुषांच्या गळ्यातून निघतच नाही. म्हणून आधी गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर पेटीवर वाजवा आणि दोन्ही गटांकडून गाऊन घ्या. बसत नसेल तर ध्रुवपद सगळ्यांनी आणि वर चढणारा अंतरा फक्त पुरुषांनी, त्यांच्या सप्तकात, अशी वाटणी करता येते. मी स्वतः गाणंच बदलण्याच्या बाजूची आहे. हौशी गळ्यांवर जबरदस्ती केली की ताण ऐकणाऱ्यालाही जाणवतो.

चार गाणी चार पट्ट्यांत आणि तबला एकच, हाही नेहमीचा घोळ. दर गाण्याआधी हातोडीची ठकठक सुरू होते, तेवढ्यात समोरची मुलं उठून पळतात. काळी एकला लावलेला तबला काळी तीनच्या गाण्याला पंचमात चालतो आणि काळी चारच्या गाण्याला मध्यमात (‘म’ स्वरात). त्या हिशेबाने गाणी निवडली तर तबल्याला हात लावावा लागत नाही. भाद्रपदाच्या दमट हवेत पुडी सैल पडून स्वर उतरतो, आणि स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने पुन्हा चढतो. त्यामुळे घरून लावून आणलेला तबला खरा धरू नका. वीस मिनिटं स्टेजवर राहू द्या, मग लावा.

मांडवातला आवाज

आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. शेवटच्या रांगेतली माणसं 34 मीटरवर असतील तर तुमचं गाणं त्यांच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतं, आणि त्यांच्या टाळ्या तुमच्याकडे परत यायला तेवढाच वेळ घेतात. मिनिटाला 120 मात्रांच्या केरवा तालात जाऊन-येऊन ही जवळजवळ अर्धी मात्रा झाली. त्या टाळ्यांवर लय धरली की गाणं रेंगाळणारच. तबलजीला वृंदाच्या मधोमध बसवा, गाणाऱ्यांकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर मागून घ्या आणि त्यात फक्त तबला व पेटी ठेवायला सांगा.

माइक स्पीकरच्या पुढे आले की शिट्टी वाजते, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी जागा कमी पडली की ते हमखास पुढे सरकतात. सोळा जणांना चार माइक पुरतात. गाणारा माइकपासून दीड फुटावर असेल तर दोन माइकमध्ये साधारण साडेचार फूट ठेवा. आणि साउंडवाल्या दादांना आधीच सांगा, ‘एको बंद ठेवा.’ एकट्या आवाजाला तो खपतो, सोळा आवाजांवर पडला की शब्द धुऊन जातात.

तानपुऱ्याचं अॅप फोनवर लावत असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. एका वर्षी आमच्या विलंबित सुरुवातीतच रिंगटोन अख्ख्या मांडवात घुमली. ते गाणं शेवटपर्यंत सावरलंच नाही.

दिवस आणि वेळ

कार्यक्रम पहिल्या दोन-तीन दिवसांतच मागून घ्या. पाचव्या दिवसापर्यंत ‘मोरया’ ओरडून निम्मे घसे बसलेले असतात. सार्वजनिक उत्सव 1893 साली पुण्यात सुरू झाला आणि पाठोपाठ पदं म्हणणारे मेळेही आले. तेव्हा लाउडस्पीकर नव्हते. आज 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला ते बंद होतात. मध्यरात्रीपर्यंतची सवलत सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच देतं, तुमचा दिवस त्यात आहे का ते मंडळाला विचारा. भाषणं आणि बक्षीस समारंभ लांबतात आणि तुमच्या वीस मिनिटांची आठ होतात. कोणतं गाणं गाळायचं हे घरूनच ठरवून निघा. स्टेजच्या पायरीवर ही चर्चा झाली की चेहरे उतरतात आणि सूरही.

शेवटी आरतीला वृंदानेच पुढे व्हायचं असतं, आणि तिथली चूक शंभर तोंडांनी पसरते. ‘संकष्टी पावावे’ नव्हे, ‘संकटी पावावे’. ‘फळीवर वंदना’ नव्हे, ‘फणिवरबंधना’: फणिवर म्हणजे नाग, तो गणपतीच्या कमरेला बांधलेला आहे. तालमीत हा अर्थ एकदा सांगितला की मुलं पुन्हा चुकत नाहीत, उलट आजोबांना थांबवून सांगतात. आरतीत लय वाढते ती टाळांमुळे. सगळ्यात मोठे टाळ तुमच्यातल्या लयीला पक्क्या माणसाच्या हातात द्या.