ताडपत्रीखालची मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणताना

चार-पाच वर्षे ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या मोटारीभोवती मित्र जमले की पहिला हात हमखास बॉनेटकडे जातो. नवी बॅटरी जोडून इंजिन एकदा धडधडलेले ऐकावे हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु गाडी थांबवता येत नसेल, किंवा तिला रस्त्यावर आणण्याची परवानगीच मिळणार नसेल, तर इंजिनावर घातलेले पैसे अंगणातच राहतात. म्हणून आधी कागदपत्रे, मग पत्रा, मग ब्रेक आणि त्यानंतर इंजिन असा क्रम ठेवावा. येथे उदाहरण कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या, मारुती ८०० चे घेतले आहे. मारुती ८०० हे मॉडेल एकूण डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ या काळात बनले; तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन साधे आहे आणि ते डोळे मिटून खोलणारा एखादा जुना मेकॅनिक बहुतेक गावांत सापडतो.

खाजगी मोटारीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपयांवर नेण्यात आले. याशिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, पीयूसी आणि नव्या पद्धतीची नंबरप्लेट हे खर्च आहेतच. चौघांनी प्रत्येकी १०,००० रुपये काढले असतील, तर त्यातला मोठा वाटा कागदपत्रांवरच संपतो, हे आधी सर्वांना सांगून ठेवावे. आरसी पुस्तकावरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि त्यावर बँकेचा बोजा अजून दिसत असल्यास बँकेकडून ना हरकत पत्र घ्यावे. मूळ मालक हयात नसल्यास वारसाच्या नावावर गाडी होईपर्यंत काम सुरूच करू नये.

पत्र्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. मॅट उचलून फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढचे शॉक ॲब्सॉर्बर जेथे वर बसतात त्या जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. आवाज बद्द आला, तर रंगाखाली पुट्टी किंवा गंज आहे असे समजावे. फ्लोअरला पडलेले भोक तुकडा लावून वेल्डिंगने बुजवता येते. परंतु शॉक ॲब्सॉर्बरच्या जागा कुजल्या असतील, तर गाडी भंगारात देऊन दुसरी शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मित्रांमध्ये भांडण कामावरून सहसा होत नाही, हिशोबावरून होते. वही एकाकडे असावी, पावती त्याच दिवशी चिकटवावी आणि खोललेला प्रत्येक नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत जावा. खोलण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढण्याचा कंटाळा करू नये.

गाडी नुसत्या जॅकवर उचलून कोणीही खाली शिरू नये. विटा भाराखाली अचानक फुटतात, म्हणून त्यांचाही आधार घेऊ नये. गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड भाड्याने आणावेत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि त्यामुळे उभ्या गाडीत पॅडलकडून दाब देणारा मास्टर सिलिंडर व चाकांजवळचे व्हील सिलिंडर आतून गंजतात. त्यांचे रबर किट, रबरी होज आणि सगळे ऑइल बदलावे. हँडब्रेकची केबलही बहुधा अडकलेली असते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचे काम मात्र दोघांचेच आहे: एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल उघडून बंद करायचे, आणि ते बंद झाल्याचे ऐकल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. टायरवर नक्षी भरपूर दिसते म्हणून फसू नये. बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे तो २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. ब्रेकचे भाग आणि टायर जुन्या बाजारातून घेऊ नयेत. दिवे, काचा, दाराचे हँडल, आसने मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात खुशाल शोधावीत.

आता इंजिन. एअर फिल्टरमध्ये उंदराचे घरटे नाही आणि वायरी कुरतडलेल्या नाहीत, हे आधी पाहावे. तिन्ही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर थांबावे आणि सकाळी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. अडले तर जोर न करता पुन्हा ऑइल सोडून वाट पाहावी. टायमिंग बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदलावा. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढावे, पेट्रोलचे सर्व रबरी पाइप नवे घालावेत आणि कार्ब्युरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोके, साफ करावेत. तारेने टोचल्यास जेटचे भोक मोठे होते, म्हणून क्लीनर आणि हवाच वापरावी. या वेळी बिडी-सिगारेट दूर, आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) असतील तर ते झिरो पेपरने, म्हणजे अगदी बारीक पॉलिश कागदाने, घासून घ्यावेत. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरण्याच्या आपल्या सवयीमुळे आत तांबडा चिखल साचलेला असतो. तो धुऊन कूलंट भरावे. ऑइल व फिल्टर बदलून, प्लग न बसवता, स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवत ऑइलचा दिवा विझू द्यावा आणि मगच प्लग लावून सुरू करावे.

पहिली फेरी घराजवळच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर, दिवसा आणि विमा हाती आल्यावरच काढावी. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळावेत, प्रत्येक चाकाला हात लावून एखादे जास्त तापले आहे का ते पाहावे आणि रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पडलेला डाग कोणत्या रंगाचा आहे, यावरून पुढच्या रविवारचे काम ठरते. रंगकामाचे पैसे तोपर्यंत वहीतच राहू द्यावेत.