ब्रिटनमध्ये नर्स किंवा हेल्थकेअर असिस्टंट म्हणून जाताय? युनियनचं काम आधी समजून घ्या

मराठी माणसाला ‘युनियन’ म्हटलं की गिरणगाव, मोर्चे, फाटकावरच्या घोषणा आणि १९८२ चा संप आठवतो. ब्रिटनमधल्या रुग्णालयात युनियन भेटते ती वेगळ्या जागी. एचआरच्या छोट्या खोलीत बैठक असते, समोर मॅनेजर आणि टिपणं घेणारी व्यक्ती असते, आणि टेबलाच्या आपल्या बाजूला युनियनचा रेप, म्हणजे रिप्रेझेंटेटिव्ह किंवा प्रतिनिधी, बसलेला असतो. संप होतात, पण क्वचित. १९१६ साली स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सेसच्या युनियनने, म्हणजे आरसीएनने, इंग्लंडमध्ये पहिला संप केला तो थेट डिसेंबर २०२२ मध्ये. एरवी युनियनचं काम चालतं ते बँड (पगाराची श्रेणी), रोटा (शिफ्टचं वेळापत्रक), आजारपणाची रजा, चौकशा आणि तक्रारींच्या कागदांत. सभासद होणं हा नोकरीच्या तयारीचाच भाग आहे, युनिफॉर्म आणि बँक खात्याइतकाच.

आरसीएन नर्सेसची म्हणून ओळखली जाते, पण हेल्थकेअर असिस्टंटही तिचे सभासद होऊ शकतात आणि त्यांची वर्गणी नर्सपेक्षा कमी असते. युनिसन या दुसऱ्या युनियनमध्ये पोर्टरपासून सिस्टरपर्यंत सगळे येतात आणि वर्गणी पगाराप्रमाणे ठरते. काही ठिकाणी जीएमबी किंवा युनाइट या युनियन जोरात असतात. नाव कोणतं मोठं यापेक्षा आपल्या रुग्णालयात कोणाचे रेप खरोखर हजर असतात हे पाहावं. स्टाफरूमच्या फलकावर नावं लावलेली असतात, वॉर्डमधल्या जुन्या असिस्टंटनाही नेमकं ठाऊक असतं. खाजगी नर्सिंग होममध्ये रेप बहुधा नसतोच, तिथे प्रादेशिक कार्यालयाचा फोन नंबर आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवावा.

सभासद होण्याची वेळ म्हणजे रुजू होण्याचा पहिला आठवडा. अडचण आल्यावर नव्हे. युनिसनकडून कायदेशीर मदत मिळायला आधी चार आठवड्यांचं सभासदत्व लागतं, आणि सभासद होण्याआधी घडलेल्या प्रकरणात युनियन साधारणपणे प्रतिनिधित्व करत नाही. सस्पेंशनचं पत्र हातात पडल्यावर त्याच रात्री अर्ज भरणारे दरवर्षी असतात, आणि त्यांना हेच उत्तर ऐकावं लागतं. वॉर्ड, ट्रस्ट (सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, रुग्णालयं चालवणारी संस्था) किंवा हुद्दा बदलला की युनियनच्या नोंदीतही बदल करावा. असिस्टंट म्हणून भरलेली वर्गणी नर्स झाल्यावर तशीच चालू राहिली, तर नेमक्या गरजेच्या वेळी वर्गणी चुकीची निघते.

‘मॅनेजरला कळलं तर? व्हिसावर आहे, स्पॉन्सरशिप काढली तर?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक नवा सभासद दबक्या आवाजात विचारतो. युनियनचा सभासद असल्याबद्दल त्रास देणं किंवा कामावरून काढणं १९९२ च्या कायद्याने बेकायदेशीर आहे, आणि त्यात नागरिकत्वाची अट नाही. तरीही मन मानत नसेल तर वर्गणी पगारातून कापू न देता बँकेतून डायरेक्ट डेबिटने भरावी. मग पेरोलकडे नोंदच जात नाही.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक प्रकरणं बिघडतात ती मूळ चुकीमुळे नाही, तर चुकीनंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत माणूस घाबरून जे लिहितो आणि बोलतो त्यामुळे.

मॅनेजर म्हणतो, ‘पाच मिनिटं जरा बोलू या.’ आपण जातो, कारण वरिष्ठांना नाही म्हणायची आपल्याला सवय नसते. तिथे दुसरी व्यक्ती टिपणं घेत असेल, तर त्या पाच मिनिटांचं लेखी पुराव्यात रूपांतर होत आहे हे ओळखावं. अशा वेळी एकच वाक्य पुरतं: ‘ही बैठक कोणत्या स्वरूपाची आहे आणि कोणत्या धोरणाखाली आहे, ते कृपया ईमेलने कळवा. माझ्या युनियन रेपशी बोलून मी येते.’ हे उद्धटपणाचं धरलं जात नाही. ब्रिटिश कार्यालयात ते रोजचं वाक्य आहे.

कायदा इथे नेमका काय देतो हे माहीत हवं, कारण अर्धवट माहितीवर हट्ट धरला की हसं होतं. १९९९ च्या कायद्यानुसार शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या औपचारिक सुनावणीत युनियन रेप किंवा सहकारी सोबत नेण्याचा हक्क आहे. हा हक्क पहिल्या दिवसापासून आहे, एजन्सीच्या कामगारालाही आहे, खाजगी केअर होममध्येही आहे. रेपला त्या दिवशी जमत नसेल तर पुढच्या पाच कामाच्या दिवसांतली दुसरी वेळ सुचवता येते आणि ती वाजवी असेल तर मालकाला मानावी लागते. प्राथमिक चौकशीच्या बैठकीसाठी मात्र कायद्यात हा हक्क नाही. तिथे ट्रस्टचं स्वतःचं धोरण पाहावं लागतं, आणि बहुतेक एनएचएस ट्रस्टच्या धोरणात परवानगी असते. सुनावणीत रेप आपली बाजू मांडू शकतो, शेवटी समारोप करू शकतो, मधेच थांबवून आपल्याशी खाजगीत बोलू शकतो. आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तो देऊ शकत नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी रेपबरोबर बसून संभाव्य प्रश्नांची तयारी करावी. इंग्रजीत घाईघाईने ‘यस, यस’ म्हणण्याची सवय इथे फार महागात पडते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं, आणि बैठकीचं टिपण हातात आल्यावर शब्द न् शब्द वाचून चुका लेखी कळवाव्यात.

स्टेटमेंट मागितलं तर ते रेपला दाखवल्याशिवाय देऊ नये. चांगलं स्टेटमेंट कोरडं असतं: तारीख, शिफ्ट, वॉर्डमध्ये किती रुग्ण आणि किती कर्मचारी होते, आपण काय पाहिलं, काय केलं, कोणाला किती वाजता सांगितलं. ‘मला वाटतं तिने गोळी दिली नसावी’ असला अंदाज त्यात नको. सहकाऱ्याच्या स्वभावाबद्दल तर एक शब्दही नको. आणि वाद मिटावा म्हणून न केलेल्या गोष्टीची माफी मागू नये. आपल्याकडे ‘माझंच चुकलं असेल’ म्हटल्याने समोरचा निवळतो, पण इथे ते वाक्य कबुली म्हणून फाइलला लागतं. नर्सला ठरावीक काळाने कराव्या लागणाऱ्या पुनर्नोंदणीसाठी लिहायचं स्वतःच्या कामाबद्दलचं चिंतन वेगळं आणि चौकशीचं स्टेटमेंट वेगळं. चिंतनात ‘मी आणखी काय करू शकले असते’ हे शोभतं, स्टेटमेंटमध्ये प्रथम घडलेलं यावं.

आठवत नाही म्हणून रुग्णाची नोंद संगणकावर स्वतः उघडून पाहणं ही सर्वांत घातक चूक आहे. रुग्णाच्या शुश्रूषेशी संबंध संपल्यावर फाइल उघडली की गोपनीयतेचा भंग होतो आणि प्रत्येक लॉगिनची नोंद राहते. मूळ आरोप टिकला नाही तरी हा दुसरा टिकतो. नोंदी हव्या असतील तर त्या चौकशी अधिकाऱ्याकडे लेखी मागाव्यात. जुनी नोंद बदलू नये. राहून गेलेलं लिहायचंच असेल तर उशिरा केलेली नोंद असं स्पष्ट लिहून, लिहितानाची वेळ घालावी. वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही नको.

सस्पेंड केलं तर पगार चालू असतो आणि कागदोपत्री ती शिक्षा नसते, पण पाळायच्या अटी असतात: कामाच्या वेळेत फोनवर उपलब्ध राहायचं, सहकाऱ्यांशी प्रकरणाबद्दल बोलायचं नाही, परवानगीशिवाय दुसरीकडे बँक शिफ्ट, म्हणजे जादा बदली शिफ्ट, करायची नाही. रेपशी बोलायला मनाई नसते. नर्सच्या बाबतीत प्रकरण नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे, एनएमसीकडे, गेलं तर पत्र आल्या दिवशी युनियनच्या सल्ला केंद्राला फोन करावा, उत्तर नंतर. तिथे नोंदणीच पणाला लागलेली असते आणि तात्पुरता आदेश १८ महिन्यांपर्यंतचा असू शकतो. इंग्लंडमधला नर्सिंग असोसिएटही याच रजिस्टरवर असतो. हेल्थकेअर असिस्टंट नसतो, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. ते बरोबर नाही. रुग्णाला इजा झाल्याच्या प्रकरणात डीबीएसकडे, म्हणजे असं काम करायला मनाई असलेल्यांची यादी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नाव जाऊ शकतं, आणि त्या यादीत नाव लागलं की देशभर हे कामच बंद होतं.

कमी मनुष्यबळाची तक्रार तोंडी केली तर ती हवेत जाते. इन्सिडेंट रिपोर्ट, बहुतेक ट्रस्टमध्ये ज्याला डेटिक्स म्हणतात, त्याच शिफ्टमध्ये भरावा. ‘स्टाफ कमी होता’ एवढं पुरत नाही. ‘२८ रुग्ण, रोटावर चार नर्स, प्रत्यक्षात दोन, रात्री ११ वाजता साइट मॅनेजरला कळवलं, तीन रुग्णांची कूस बदलायची वेळ चुकली’ असं लिहिलं की ती नोंद पुढे आपलं संरक्षण करते आणि रेपला ट्रस्टशी बोलायला आधार मिळतो. असिस्टंटला न शिकवलेलं काम सांगितलं गेलं तर तेही नोंदवावं. काम सोपवण्याचा निर्णय नर्सचा, पण ते स्वीकारण्याची जबाबदारी करणाऱ्याची, हे दोघांनीही लक्षात ठेवावं.

हेल्थकेअर असिस्टंटसाठी सध्या सर्वांत मोठा प्रश्न बँडचा आहे. बँड २ च्या कामात मुख्यतः आंघोळ, जेवण भरवणं, शौचाला नेणं, म्हणजे वैयक्तिक शुश्रूषा येते. रक्त काढणं, ईसीजी, रक्तातली साखर तपासणं, निरीक्षणं घेऊन नोंदवणं अशी क्लिनिकल कामं नियमित होत असतील तर ते बँड ३ चं काम. २०२१ मध्ये एनएचएसमधल्या कामांच्या राष्ट्रीय वर्णनांत हा फरक स्पष्ट झाला आणि युनिसनने त्यावर मोठी मोहीम चालवली. अनेक ट्रस्टना हजारो असिस्टंटना वर घ्यावं लागलं, थकबाकीही द्यावी लागली. दावा एकट्याने करू नये. वॉर्डमधल्या सगळ्यांनी मिळून सामूहिक तक्रार द्यावी. पुरावा म्हणजे प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, कौशल्य तपासणीचे सही केलेले कागद, जुने रोटे आणि कामाचं मूळ वर्णन. रुग्णाचं नाव असलेला कागद घरी आणू नये, फोटोही काढू नये. वाद बहुधा बँडवर होत नाही, थकबाकी कोणत्या तारखेपासून यावर होतो, म्हणून प्रत्येक कौशल्य कधी मान्य झालं त्याची तारीख सोन्यासारखी जपावी.

यात एक खाच आहे जी आधी कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये रात्री आठ ते सकाळी सहा आणि शनिवारी बँड २ ला ४१ टक्के जादा मिळतात, बँड ३ ला ३५ टक्के. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बँड २ ला ८३, बँड ३ ला ६९. त्यामुळे सतत नाइट आणि रविवार करणाऱ्याच्या हातात बँड वाढूनही सुरुवातीला फारसा फरक पडत नाही. म्हणून सही करण्याआधी शेवटच्या तीन पे-स्लिप घेऊन रेपकडून हिशेब करून घ्यावा. बँड ३ घेणं तरीही योग्यच, कारण मूळ पगार, पेन्शन आणि पुढची बढती त्यावर ठरते.

परदेशातून भरती झालेल्यांच्या करारात बहुधा परतफेडीचं कलम असतं: ठरावीक मुदतीआधी सोडल्यास भरतीचा खर्च परत द्या. राजीनामा लिहिण्याआधी हा करार युनियनला दाखवावा. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेनुसार असं कलम पारदर्शक, खर्चाच्या प्रमाणात, वेळेनुसार घटत जाणारं आणि परिस्थिती पाहून सवलत देणारं असावं लागतं. आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कामगार घेताना मालकाने सरकारला भरायचं शुल्क, कामगाराकडून वसूल करताच येत नाही. आकड्यांची फोड लेखी मागितली की पुष्कळदा रक्कम खाली येते. व्हिसाचा सल्ला मात्र वॉर्डवरच्या रेपकडून घेऊ नये. परवानगीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, म्हणून चांगला रेप स्वतःच आपल्याला तज्ज्ञांकडे पाठवतो. स्पॉन्सरशिप संपून गृहखात्याचं पत्र आलं तर हाताशी साधारण ६० दिवस उरतात, आणि ते फार भराभर जातात.

युनियनच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. रेप बहुतेकदा स्वतःच नर्स किंवा असिस्टंट असतो आणि आपली शिफ्ट सांभाळून हे काम करतो, त्यामुळे रात्री पाठवलेल्या मेसेजला सकाळी उत्तर नाही आलं तर तो उदासीन आहे असं नव्हे. दोन सभासदांतला वाद असेल तर दोघांना वेगवेगळे रेप मिळतात. नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणात जाण्यासाठी युनियनचा वकील साधारणपणे तेव्हाच उभा राहतो, जेव्हा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक दिसते.

आणि मुदत. न्यायाधिकरणातल्या बहुतेक दाव्यांसाठी घटनेपासून तीन महिने वजा एक दिवस मिळत आले आहेत. २०२५ च्या कायद्याने ही मुदत सहा महिने करायचं ठरवलं आहे, पण आपल्या प्रकरणाला ती लागू आहे असं वकिलाने लेखी सांगेपर्यंत तीन महिनेच धरून चालावं. ट्रस्टमधली अंतर्गत तक्रार किंवा अपील चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. ते थांबतं एकॅस या संस्थेकडे समेटाचा अर्ज केल्यावर. ‘निकाल येऊ दे, मग बघू’ म्हणत थांबलेले कित्येक चांगले दावे याच कारणाने बुडतात. म्हणून रेपला पहिला ईमेल करतानाच वरच्या ओळीत घटनेची तारीख लिहावी, खाली सभासद क्रमांक, वॉर्ड, बैठकीची वेळ, आणि सोबत आलेलं पत्र जसंच्या तसं जोडावं.