नॅशनल बँक नोट व्यापाऱ्याला दाखवायला नेण्याआधी

जुनी अमेरिकन नॅशनल बँक नोट, म्हणजे तिथल्या एखाद्या गावच्या बँकेने स्वतःच्या नावाने काढलेली नोट, हाती आली की लोक आधी ती स्वच्छ करायला बसतात. तेवढं टाळा. पुसायची नाही, इस्त्री फिरवायची नाही, फाटली असली तरी चिकटपट्टी लावायची नाही. मायलरच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात घाला आणि मग वाचायला घ्या.

आजच्या डॉलरएवढी असेल तर ती १९२९च्या मालिकेतली; त्याहून बरीच मोठी असेल तर आधीची. १९२९च्या नोटेवर तपकिरी शिक्का असतो, पण तसाच शिक्का त्या वर्षीच्या फेडरल रिझर्व्ह बँक नोटांवरही (म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या नोटांवरही) आहे, म्हणून बँकेचं नाव पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९०२च्या मोठ्या नोटेचा शिक्का लाल असेल तर खूश व्हायला हरकत नाही. निळा असेल तर उलटून पाहा: मागे १९०२ आणि १९०८ ही सालं छापलेली नसतील, तर तो सर्वात जास्त सापडणारा प्रकार. पुढच्या बाजूची तारीख छपाईची समजू नका.

आता खरं काम. बँकेचं नाव, गाव, राज्य आणि चार्टर क्रमांक (बँकेच्या सरकारी परवान्याचा क्रमांक) वहीत उतरवून घ्या. १८६३च्या कायद्यापासून १९३५पर्यंत हजारो गावोगावच्या बँकांनी आपापल्या नावाने या नोटा काढल्या, आणि किंमत ठरते ती त्या नावावर. न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची १९०२ची दहा डॉलरची नोट आणि कुठल्याशा खेड्यातल्या, चार वर्षांत बुडालेल्या बँकेची तशीच नोट, दोन्हींवर चित्र राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचंच. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. म्हणून त्या चार्टरच्या किती नोटा आज माहीत आहेत, हे संग्राहकांच्या नोंदींत शोधा.

मग नोट उजेडासमोर धरा. टाचणीची भोकं, बुजवलेल्या चिरा, कापलेल्या कडा तिथेच दिसतात. मोठ्या नोटांवर बँकेच्या अध्यक्षाची आणि कॅशियरची सही बऱ्याचदा शाईची असते. ती उडाली असेल तर तसं लिहून ठेवा.

भावासाठी हेरिटेजसारख्या लिलावघरांचे जुने निकाल बघा. ईबेवर मागितलेला आकडा धरू नका, मागायला काय जातं? त्याच बँकेचा निकाल नसेल तर त्याच राज्यातल्या तितक्याच दुर्मीळ बँकेचा घ्या. पीएमजी या नोटा तपासणाऱ्या कंपनीकडून प्रतवारी करून घेण्याचा खर्च त्यानंतरच. साध्या, मळक्या नोटेला तो परवडत नाही. निघताना दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घरी ठेवा, आणि व्यापारी स्वतः विकत घेणार की नुसती किंमत सांगणार, हे नोट दाखवण्याआधी विचारा.