पानं, फुलं, पाखरं गोंदायची आहेत? मग या चुका टाळा

माझ्याकडे टॅटू काढायला शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक पोर पहिल्या दिवशी फोन उघडून नेचा दाखवतं. केसाएवढ्या रेषा, दोन इंचांत पन्नास पानं. "असं काढायला शिकायचंय." फोटो अर्थातच टॅटू झाल्या झाल्या घेतलेला. काही वर्षांनी त्याच नेच्याचं शेवाळ झालेलं असतं, पण त्याचा फोटो कोण टाकतो?

शाई बसते ती कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल, आणि तिथे ती वर्षागणिक थोडी पसरतेच. म्हणून तीन इंची नेच्याला मोजून दहा-बारा पानं पुरेत. दोन पानांमध्ये मोकळी कातडी ठेवा; पानाच्या शिरांपैकी मधली एक घ्या, बाकीच्या सोडा. आजीच्या हातावरची गोंदलेली तुळस आठवा. काही ठिपके, दोन-चार रेघा, तरी सत्तरीतही ती तुळसच दिसते. काय गाळायचं ते गोंदणाऱ्या बाईला नेमकं ठाऊक होतं.

पण गाळायचं काय, हे कळायला ती वस्तू आधी नीट पाहिलेली लागते. ब्लू मॉरमॉन २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. मी एकदा नेटवरचं चित्र बघून त्याच्या मागच्या पंखांना छान शेपट्या काढल्या. गिऱ्हाईक फुलपाखरांच्या मागे रानोमाळ हिंडणारा निघाला. त्याने स्टेन्सिलकडे, म्हणजे गोंदण्याआधीच्या छापाकडे, पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "याला शेपटी नसते." नशीब, सुई लागली नव्हती. पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे असतात; निम्म्या टॅटूंत तीन पुढे दिसतात. ताम्हणाला सहा पाकळ्या, त्याही चुरगळलेल्या कागदासारख्या. मशीन घेण्याआधी महिनाभर वही घेऊन बागेत बसा. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण मी ऐकत नाही.

रंगाची चूक यापेक्षा महाग पडते. शाईवर कातडीचा आपला रंग असतोच, त्यामुळे सावळ्या हातावर फिकट पिवळा किंवा गुलाबी रंग कोऱ्या चहातून पाहिल्यासारखा दिसतो. परदेशी गोऱ्या हातावरची जलरंगी फुलं तशीच्या तशी उचलू नका. काळ्याचा जोर वाढवा, उजेडाच्या जागी कातडीच उघडी ठेवा.

आता हाताची दुखणी. रेष थरथरत असेल तर बहुतेक वेळा कातडी ताणलेली नसते, किंवा नुसतं मनगट फिरत असतं. दुसऱ्या हाताने कातडी ताणा, कोपरापासून ओढा. रेषेभोवती निळसर धूसरपणा आला तर तो ब्लोआउट: सुई जास्त खोल गेली. मनगटाची आतली बाजू, घोटा अशा पातळ जागी हे हटकून होतं. ते पुसता येत नाही; जखम भरल्यावर तिथे सावली देऊन किंवा पान रुंद करून झाकायचं. शेडिंग ठिगळासारखं दिसलं की नवशिका तिथेच पुन्हापुन्हा सुई फिरवतो, कातडी सोलवटते आणि खपलीबरोबर शाईही निघून जाते. थांबा. दीड महिन्याने टच-अप करा, म्हणजे राहिलेली जागा पुन्हा भरा.

स्वच्छतेत तडजोड नाही. सुई एकदाच वापरायची, कामासाठी छोट्या टोपणात काढून घेतलेली, उरलेली शाई परत बाटलीत ओतायची नाही. स्वतःसाठी हिपॅटायटिस बी लशीचे तिन्ही डोस पूर्ण करा; पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

राहिला पोर्टफोलिओ. त्यात ताजे, लालसर, चकाकणारे टॅटूच भरलेले असतात. जाणकार गिऱ्हाईक भरून आलेलं काम मागतं. दोन महिन्यांनी फोटोसाठी या म्हटलं तर कोणी फिरकत नाही. पहिला टच-अप फुकट ठेवा, बरोबर येतात.