एडलवाइस ओळखायचं कसं आणि त्याची नावं लक्षात कशी ठेवायची

आल्प्सच्या ट्रेकला जाणार असाल तर एडलवाइस या डोंगरातल्या पांढऱ्या फुलाची नावंच आधी शिकून घ्या, कारण नावातच निम्मी ओळख आहे. जर्मनमध्ये एडल म्हणजे उमदं, खानदानी आणि वाइस म्हणजे पांढरं. पण फूल दिसलं की आधी मधे बघा, तिथे जे बारीक पिवळसर गुच्छ असतात ना तीच खरी फुलं, आणि बाजूच्या पांढऱ्या पाकळ्या वाटतात त्या खरं तर लव असलेली पानं आहेत, ही लव झाडाला ऊन आणि कोरड्या वाऱ्यापासून वाचवते.

शास्त्रीय नाव लिओंटोपोडियम, ग्रीकमधून आलंय, अर्थ सिंहाचं पाऊल. त्या मऊ लवेवर एकदा नीट नजर टाका, नाव परत विसरणार नाही! इटालियन लोक स्टेला अल्पिना म्हणतात, म्हणजे आल्प्सचा तारा, आणि हे मला सगळ्यात आवडतं कारण आकार अगदी तसाच दिसतो.

शोधायचं कुठे? साधारण १८०० ते ३००० मीटरवर, चुनखडीच्या खडकाळ उतारांवर, जुलै ते सप्टेंबर. याची भावंडं हिमालयातही आहेत बरं का.

आणि प्लीज तोडू नका, बऱ्याच ठिकाणी कायद्याने संरक्षण आहे, फोटो काढा. ऑस्ट्रियात असाल तर तिथलं २ सेंटचं नाणं उलटून बघा, त्यावर हेच फूल आहे.