उन्हाळ्यात ८ आठवडे बायोमेडिकल लॅबमध्ये: अर्ज कसा करायचा आणि आत गेल्यावर काय करायचं

मी मागच्या उन्हाळ्यात अकरावी झाल्यावर इथे अमेरिकेत एका बायोमेडिकल लॅबमध्ये ८ आठवडे काम केलं, तेव्हापासून ओळखीतली मुलं सारखी विचारतात की मिळवायचं कसं आणि तिथे जाऊन नक्की करायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

अर्जाचं आधी. उन्हाळ्याचे फॉर्म हिवाळ्यातच निघतात आणि बरेचसे फेब्रुवारीच्या आसपास बंदही होतात, एप्रिलमध्ये शोधायला बसलात तर हाती काही लागत नाही. एनआयएच (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) सारख्या ठिकाणी सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड लागतं, त्यामुळे एच-४ वर, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांनी निबंधाला हात लावायच्या आधी एलिजिबिलिटी वाचा, माझ्या मैत्रिणीचा अख्खा महिना त्यात फुकट गेला आणि मला खूप वाईट वाटलं. फी जास्त म्हणजे प्रोग्रॅम भारी असं अजिबात नाही, एमआयटीतला आरएसआय हा शाळेतल्या मुलांसाठीचा नावाजलेला उन्हाळी संशोधन प्रोग्रॅम शिकवण्याचे पैसे घेतच नाही. निबंधात 'मला डॉक्टर होऊन सेवा करायचीय' सगळेच लिहितात हो. मी एवढंच लिहिलं होतं की डायबेटिसमुळे आजीच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती आणि ती का भरत नाही हे मला समजून घ्यायचंय.

आत गेल्यावर पहिला आठवडा फक्त पिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून उचलायचं हातातलं उपकरण. खरंच फक्त पिपेट, आणि कंटाळू नका. बटण पहिल्या अडथळ्यापर्यंत दाबायचं, मग टिप (पुढे लावलेलं प्लॅस्टिकचं टोक) पाण्यात जेमतेम बुडवायची, अंगठा हळूहळू सोडायचा, आणि पाणी बाहेर काढताना मात्र दुसऱ्या अडथळ्यापर्यंत पूर्ण दाबायचं. उलटं केलंत तर दरवेळी जास्त पाणी येतं आणि डोळ्यांना कळतसुद्धा नाही. म्हणून वजनकाट्यावर बघा, १०० मायक्रोलिटर पाणी ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे, सलग दहा वेळा भरलं की मगच खऱ्या सॅम्पलला हात लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कंट्रोल, म्हणजे प्रयोग बरोबर चाललाय ना ते तपासायला ठेवलेला नमुना. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढायच्या पद्धतीत, दर सायकलला डीएनए दुप्पट होतो, ३० सायकलमध्ये एका तुकड्याचे हिशेबाने शंभर कोटींच्या वर होतात, म्हणजे चुकून एक कण पडला तरी संपलं. म्हणून एका ट्यूबमध्ये डीएनए न घालता नुसतं पाणी घालतात, तिथे काही दिसता कामा नये. पीसीआरनंतर डीएनए दिसावा म्हणून तो जेलच्या थरातून सरकवतात, प्रत्येक ट्यूबची एक लेन, आणि डीएनए असेल तिथे पट्टा म्हणजे बँड दिसतो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या जेलवर पाण्याच्या लेनमध्ये बँड आला. फिकट होता, बाकीच्या लेन इतक्या सुंदर आल्या होत्या की दोन मिनिटं वाटलं, असू दे. पण उठले आणि मेंटॉरला दाखवलं. ती रागावली नाही, शेजारी बसली आणि म्हणाली नोटबुक काढ. कुठल्या दिवशी पाण्याची कुठली ट्यूब वापरली ते मी लिहिलेलं होतं, म्हणून ट्यूब नंबर २ सापडली. माझी आधीची टिप तीत परत गेली असणार. चार दिवसांचं काम परत केलं. तेव्हा सांगितलं नसतं तर पुढचा सगळा उन्हाळा चुकीच्या बँडवर गेला असता.

म्हणून नोटबुक पेनानेच लिहा, पान फाडू नका, चुकलं तर एक रेघ मारा म्हणजे खालचं वाचता येतं. आणि संध्याकाळी आठवून लिहायचं नाही, हात चालू असतानाच लिहायचं.

शाळेतली मुलं लॅबमध्ये काय करणार असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. डेव्हिड बाल्टिमोर १९५५ मध्ये शाळेत असताना उन्हाळ्यासाठी मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत गेला, तिथे त्याला हॉवर्ड टेमिन भेटला, आणि १९७० मध्ये दोघांनी वेगवेगळ्या लॅबमध्ये रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, शोधलं, १९७५ चं नोबेल मिळालं. कोरोनाच्या आरटी-पीसीआरमधलं आरटी ते हेच.

अजून एक, तिथे पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखालासुद्धा, नावाने हाक मारतात, मला सर-मॅडम सोडायला दोन आठवडे लागले. संकोच वाटला तरी विचारा, 'हे समजलं नाही, परत दाखवाल का' म्हटलं की लोक हातातलं काम ठेवून दाखवतात.

शेवटच्या दिवशी पोस्टर, म्हणजे आपलं काम मांडून दाखवणं, झालं की लगेच पळू नका. नोटबुक लॅबचं असतं, ते तिथेच ठेवायचं. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या तुमच्या डब्यावर नाव, तारीख आणि आतल्या ट्यूबचा नकाशा चिकटवा, आणि ट्यूबवर लॅबच्याच मार्करने लिहा, साध्या पेनाची अक्षरं इथेनॉलचा एक थेंब पडला की जातात आणि मग तुमच्यानंतर येणाऱ्याला कशात काय आहे ते कळत नाही.